टूमस्टोनमधला दंतवैद्य

डॉक्टरचा दात दुखतोय. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला हा पांढऱ्या केसांचा म्हातारा काळात मागेपुढे आणि अंतराळात कुठेही जाऊ शकतो. पत्र्याच्या कवचात बसून विश्व गिळायला निघालेल्या दालेकांना तो पुरून उरलेला आहे. आणि आता त्याला जेरीस आणलंय ते आधीच्या कथेच्या शेवटी तोंडात टाकलेल्या एका साध्या गोळीने. ती चावताना दात मोडला. आता कळ मस्तकात जातेय, चिडचिड वाढलीय आणि कुठल्याही शतकातला चालेल पण दंतवैद्य हवाय. त्याचं यंत्र नेमकं उतरतं ते अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावी, १८८१ साली, ओ. के. कोरॅल नावाच्या घोड्यांच्या तबेल्यात. गावात नुकताच एक दंतवैद्य आलाय. त्याचं नाव डॉक हॉलिडे.

ज्याला अमेरिकन काउबॉय सिनेमाची थोडी जरी ओळख आहे त्याला इथेच हसू फुटायला हवं. बंदुकीसाठी कुप्रसिद्ध असलेला हॉलिडे खरोखरच शिकलेला दंतवैद्य होता. १८७२ साली फिलाडेल्फियाच्या दंतशल्य महाविद्यालयातून त्याने पदवी घेतली होती. पुढे क्षयाने गाठलं, कोरड्या हवेसाठी तो पश्चिमेकडे सरकला आणि हळूहळू हातातल्या चिमट्याची जागा पत्त्यांनी घेतली. खोकणाऱ्या वैद्याकडे दात दाखवायला कोण येणार? म्हणजे लेखकाला विनोद शोधावा लागलेला नाही, तो इतिहासाने आयता आणून दिलाय. डोनाल्ड कॉटनला तो दिसला, हे त्याचं श्रेय.

ही कथा म्हणजे ‘द गनफायटर्स’. बीबीसीवर ३० एप्रिल ते २१ मे १९६६ या चार शनिवारी तिचे चार भाग दाखवले गेले, आणि पुढची वीसेक वर्षं या मालिकेतली सर्वांत वाईट कथा कोणती असं विचारलं की हिचं नाव पुढे यायचं. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ही कीर्ती कानावर होतीच. पाहून झाल्यावर वाटलं, सर्वांत वाईट वगैरे काही नाही, पण निराशा झाली खरी. परवा पुन्हा पाहिली. निराशा आहे तशीच आहे, मात्र ती कुठे आहे हे आता नेमकं दाखवता येतं, आणि ती लोक दाखवतात तिथे नाही.

लोक बोट दाखवतात ते गाण्याकडे. ‘लास्ट चान्स’ या गावातल्या गुत्त्याचं एक गाणं आहे. लिंडा बॅरन या अभिनेत्री-गायिकेच्या आवाजात ते चारही भागांत पुन्हा पुन्हा येतं. चाल तीच, कडवी बदलती. कोणी जिना चढलं की कडवं, कोणी बंदुकीला हात घातला की कडवं, कोणी मेलं की कडवं. तिसऱ्या भागापर्यंत पडद्यावर रिकामा रस्ता दिसला तरी आता गाणं येणार या धास्तीने माणूस सावरून बसतो. त्यात अमेरिकनांच्या भूमिका करणारे बरेचसे ब्रिटिश नट. त्यांचे उच्चार टेक्सासहून निघून लंडनच्या वाटेवर कुठेतरी रेंगाळलेले. या दोन गोष्टींची टिंगल इतकी झाली की कथेबद्दल वेगळं काही बोलायचं राहूनच गेलं.

मला मात्र या खेपेला गाणं हीच कथेतली सर्वांत धूर्त गोष्ट वाटली. ते आकाशातून पडलेलं नव्हतं. १९५७ सालच्या ‘गनफाइट अॅट द ओ. के. कोरॅल’ या बर्ट लँकेस्टर आणि कर्क डग्लसच्या सिनेमात फ्रँकी लेनच्या आवाजातलं गाणं असंच अधूनमधून येऊन कथा पुढे ढकलतं. १९६५ सालच्या ‘कॅट बलू’मध्ये तर नॅट किंग कोल आणि स्टबी के हे दोघं पडद्यावरच उभे राहून गोष्ट गात असतात. कॉटन आणि दिग्दर्शक रेक्स टकर यांनी तीच खोड उचलली आणि मुद्दाम अति केली. शिवाय त्यांनी एक डाव असा टाकला की तेच गाणं गोष्टीतली माणसंही गातात. डॉक्टरचा तरुण सोबती स्टीव्हन याला हॉलिडेच्या मागावर असलेले क्लँटन भाऊ पिस्तूल रोखून ते गायला लावतात. पियानोवर दुसरी सोबतीण, डोडो. बिचारा गातोय, चेहऱ्यावर घाम, आणि डॉक्टर आपल्याच तंद्रीत बाहेरून त्या गुत्त्याच्या दिशेने चाललाय. गाणं पार्श्वभूमीला आहे की प्रसंगात, हा फरकच पुसला जातो. पोवाडा गाणाऱ्या शाहिरालाच गनिमाने धरून आणावं आणि गा म्हणावं, तसा हा प्रकार. साठीच्या दशकातल्या, शनिवारी संध्याकाळी घरातल्या मुलांसकट बघायच्या मालिकेत हे धाडस बरंच म्हणायचं.

या प्रसंगापर्यंतची कथा बघताना माझ्या मनात एकही तक्रार नव्हती. गैरसमजांची वीण चांगली घट्ट आहे. क्लँटन भावांना हॉलिडेचा सूड घ्यायचाय, पण त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. त्याला ‘डॉक’ म्हणतात एवढं माहीत. गावात नवा आलेला, डॉक्टर म्हणवणारा, चमत्कारिक कपड्यांतला म्हातारा त्यांना आयता सापडतो. दात काढून घेऊन बाहेर पडणाऱ्या या म्हाताऱ्याच्या कमरेला खरा हॉलिडे मोठ्या प्रेमाने आपलं पिस्तूल अडकवून देतो, म्हणजे मरायचं ते त्याने मरावं, आपण सुटलो. भूल न देता काढलेल्या दातानंतर आलेलं हे औदार्य डॉक्टरला अजिबात संशयास्पद वाटत नाही. पुढे त्याला जो भेटेल तो त्याच्या हातात पिस्तूल देत राहतो आणि तो वैतागून तक्रार करत राहतो. नाव विचारल्यावर तो बेधडक ‘डॉक्टर कॅलिगरी’ असं सांगतो, गावात कायदा सांभाळणाऱ्या वायट अर्पला दर वेळी चुकीच्या नावाने हाक मारतो.

डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेल या नटाला इथे बघत राहावं. तो ‘डॉक्टर हू’त येण्याआधी फौजी शिस्तीचे खडूस हवालदार करण्यात वाकबगार समजला जायचा. १९५८ सालच्या ‘कॅरी ऑन सार्जंट’ या विनोदी सिनेमातला सार्जंट तोच. मालिकेत मात्र त्याला बहुतेक वेळा गंभीर चेहऱ्याने विज्ञान सांगावं लागे. इथे त्याला त्याचं जुनं घर परत मिळाल्यासारखं वाटतं. वाक्य अर्धवट सोडणं, समोरच्याकडे तुच्छतेने बघत असतानाच त्याला घाबरणं, दात काढल्यावर स्वतःवरच खूश होणं, हे सगळं तो अशा काही लयीत करतो की लेखकाने लिहिलेलं किती आणि त्याचं स्वतःचं किती हे सांगता येऊ नये. त्या वर्षीच ऑक्टोबरमध्ये तब्येतीपायी त्याला मालिका सोडावी लागली. त्याच्या शेवटच्या महिन्यांत त्याला मनसोक्त हसवायला मिळालं ते या कथेत.

अँथनी जेकब्झचा हॉलिडेही तितकाच सरस आहे. खोकला, सभ्यपणा आणि निर्लज्जपणा यांचं मिश्रण त्याला साधलंय. या जेकब्झचा लहान मुलगा मॅथ्यू तेव्हा चित्रीकरण बघायला सेटवर गेला होता. तीस वर्षांनी, १९९६ साली, ‘डॉक्टर हू’चा टीव्ही चित्रपट आला त्याची पटकथा याच मॅथ्यू जेकब्झने लिहिली. वाईट म्हणून हिणवलेल्या कथेच्या खात्यावर एवढी तरी जमा मांडायला हरकत नसावी.

आता निराशेकडे येतो.

तिसऱ्या भागात जॉनी रिंगो नावाचा भाडोत्री मारेकरी गुत्त्यात येतो. लॉरेन्स पेन या नटाने तो फार आवाज न चढवता केलाय. गल्ल्यामागे उभा असलेला चार्ली त्याला ओळखतो. चार्ली हा कथेतला सर्वांत निरुपद्रवी माणूस. दोन्ही बाजूंना दारू ओतून देणारा, भांडण झालं की गल्ल्याखाली वाकणारा. ओळखणं हाच त्याचा गुन्हा. रिंगो त्याला गोळी घालतो. थोड्या वेळाने गाणं येतं आणि त्याच खेळकर चालीत चार्ली गेल्याचं सांगून टाकतं. (चार्लीचं काम करणारा डेव्हिड ग्रॅहम हा दालेकांना आवाज देणाऱ्यांपैकी एक. याच कथेत क्लँटनांच्या बाजूने असणारा शेन रिमर आणि हा ग्रॅहम, दोघंही ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या मालिकेतले आवाज. मुलांनी आवाज ओळखले असतील तर त्यांना हा गुत्ता जरा विचित्रच वाटला असेल.)

हा क्षण मला कथेतला सर्वांत चांगला वाटतो. इतका वेळ आपण ज्या चालीवर डोलत होतो तीच चाल आता प्रेतावरून चालत गेली. आपण कशाला हसत होतो, असा प्रश्न पडतो. विनोदी लेखकाने असा दरवाजा उघडला की त्याला पुढे जावंच लागतं. एक तर हसू आणखी काळं, आणखी कडवट करत न्यायचं, नाही तर मेलेल्याला जरा वेळ तरी रडायचं. कॉटन दोन्ही करत नाही. तो दार लावून घेतो आणि चौथ्या भागात सरळ एक काउबॉयपट दाखवतो. धाकट्या अर्पचा खून झालाय, मोठे भाऊ दात-ओठ खातायत, पहाट होते, दोन बाजू समोरासमोर येतात, भरपूर गोळ्या झाडल्या जातात, क्लँटन भाऊ एकेक करून पडतात. हे सगळं बीबीसीच्या तुटपुंज्या पैशांत, मोजक्या लाकडी भिंतींच्या आडून, पण अगदी गंभीरपणे. ज्या सिनेमांची टर उडवायला निघालो होतो त्यांचीच गरीब नक्कल होऊन बसते. आणि डॉक्टर? निर्णायक चकमक त्याच्याशिवायच होते. दात काढायला आलेला माणूस दात काढून झाल्यावर कथेत कशासाठी आहे, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

म्हणजे माझी तक्रार कथा विनोदी आहे अशी नाही. तिने शेवटी विनोदाची हिंमत सोडली, ही आहे.

खऱ्या टूमस्टोनकडे पाहिलं की ही हिंमत किती सहज धरता आली असती हे जाणवतं. १८७७ साली एड शिफलिन नावाचा माणूस या माळरानात खनिज शोधत फिरत होता. इथे तुला तुझ्या थडग्याच्या दगडाखेरीज काही मिळणार नाही, असं त्याला सुनावलं गेल्याची आख्यायिका आहे. त्याला चांदी मिळाली आणि त्याने खाणीला नाव दिलं टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड. गावाचा जन्मच एका टोमण्यातून झालेला. ती जगप्रसिद्ध चकमक २६ ऑक्टोबर १८८१ ची. ती ओ. के. कोरॅलमध्ये झालीच नाही, तबेल्यापासून काही अंतरावर, फ्लाय नावाच्या छायाचित्रकाराच्या घराशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. जेमतेम अर्धा मिनिट चालली. मेले तिघे, बिली क्लँटन आणि टॉम व फ्रँक हे मॅक्लॉरी बंधू. ज्या आइक क्लँटनच्या तोंडाळपणामुळे प्रकरण पेटलं तो गोळ्या सुटल्यावर पळून गेला आणि वाचला. कायद्याचा मुद्दा म्हणाल तर तो गावात हत्यार बाळगायला बंदी घालणाऱ्या नियमाचा. नंतर महिनाभर न्यायाधीश स्पायसर यांच्यासमोर साक्षी झाल्या आणि अर्प बंधू व हॉलिडे सुटले. सूत्रधार पळालेला, जागा भलतीच, वेळ अर्धं मिनिट, आणि पुढे महिनाभर कागदपत्रं. यापेक्षा चांगलं प्रहसन कॉटनला कोण लिहून देणार होतं?

त्याने हे सगळं सोडून आख्यायिका घेतली, आणि तीही मोडतोड करून. रिंगो त्या चकमकीत नव्हताच, तो पुढच्या वर्षी जुलैत मेलेला सापडला. कथेत मुलांना चिथावणारा म्हातारा क्लँटन चकमकीच्या दोन महिने आधीच मारला गेला होता. कथेत खून होणारा वॉरन अर्प १९०० सालापर्यंत जगला. ज्याचा खरोखर खून झाला तो मॉर्गन अर्प कथेत नाहीच. कथेत गावात दिसणारा बॅट मास्टरसन चकमकीआधी वसंतातच गाव सोडून गेला होता. चुका मोजायला बसलं तर संध्याकाळ सहज जाते, आणि चाहत्यांनी ती घालवलेलीही आहे.

पण चुकांनी मला फारसं काही वाटत नाही. वायट अर्पची दंतकथाच मुळात उशिरा रचलेली. तो १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये वारला, आणि त्याला निष्कलंक वीर बनवणारं स्टुअर्ट लेकचं चरित्र १९३१ साली आलं. जॉन फोर्डचा १९४६ चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ हा सुंदर सिनेमाही इतिहासाशी असाच सलगीने वागतो. १९६६ मधल्या ब्रिटिश माणसाला अमेरिकेचा पश्चिम भाग माहीत होता तो सिनेमातून, टीव्हीवरच्या मालिकांतून आणि मुलांच्या खेळण्यांतून. स्टीव्हन आणि डोडो यंत्राबाहेर येतात तेच झालरी लावलेले काउबॉय पोशाख घालून, नाटकात जायला निघाल्यासारखे. हे दोघं इतिहासात उतरत नाहीत, सिनेमात उतरतात, आणि सिनेमातल्या गोळ्या खऱ्या निघतात. कल्पना तिथे आहे. चार्ली मरतो तेव्हा ती डोकं वर काढते. मग कोणीतरी तिला खाली दाबतं.

इतिहासाला हसण्याचा प्रश्न तसा या मालिकेच्या जन्मापासूनचा. नोव्हेंबर १९६३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बीबीसीच्या सिडनी न्यूमनचा आग्रह होता की मुलांना करमणुकीबरोबर काही शिकायलाही मिळावं. म्हणून डॉक्टरबरोबर विज्ञानाचा एक शिक्षक आणि इतिहासाची एक शिक्षिका. एक कथा भविष्यातली, तर एक भूतकाळातली. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’, मग ‘द अॅझटेक्स’, ही मंडळी इतिहासाच्या तासाला बसल्यासारखी गंभीर आहेत. पुढे डेनिस स्पूनरने ‘द रोमन्स’मध्ये नीरोच्या दरबारात खोल्यांची दारं उघड-बंद करणारा फार्स घुसवला, आणि १९६५ च्या शरदात याच कॉटनने ‘द मिथ मेकर्स’मध्ये ट्रॉयच्या युद्धाची रेवडी उडवली. शेवटी ट्रॉय जळतं तेव्हा हसू घशात अडकतं, असं त्याबद्दल सगळे सांगतात. आपल्याकडे मावशी आणि पेंद्या गवळणीत प्रत्यक्ष कृष्णाची थट्टा करतात आणि कोणाला काही वाटत नाही. पण इतिहासातल्या माणसाचं नाव निघालं की आवाज एक तर खाली येतो किंवा वर चढतो, हसत मात्र नाही. त्यामुळे सार्वजनिक प्रसारण संस्थेत बसून नीरोची आणि अॅगॅमेम्नॉनची फिरकी घेणाऱ्या या लेखकांचा मला थोडा हेवाच वाटतो.

‘द मिथ मेकर्स’ बघून दोन्ही कथांची तुलना करावी म्हटलं तर ते शक्य नाही. बीबीसीने जुन्या फिती पुसल्या, फिल्मच्या प्रती टाकून दिल्या, आणि या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. ‘द मिथ मेकर्स’चे चारही गेले. ‘मार्को पोलो’चे सातही गेले. १५७२ सालच्या पॅरिसमधल्या कत्तलीवरची, सगळे जिला नावाजतात ती ‘द मॅसेकर’ अख्खी गेली. त्यांचे आवाज उरलेत, घरोघरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे. ‘द गनफायटर्स’ मात्र चारही भागांसकट सुखरूप.

तरीही तिच्याबद्दलचं मत बनलं ते ती न बघताच. व्हिडिओ कॅसेट घरात येण्याआधी जुना भाग पुन्हा बघायचा कसा? लहानपणी एकदा पाहिलेल्यांच्या आठवणी, मग त्या आठवणींवर बेतलेली पुस्तकं, मग ती पुस्तकं वाचून बनलेली मतं. त्यात एक गोष्ट छापून आली की या कथेला मालिकेतले सर्वांत कमी प्रेक्षक मिळाले. ते खोटं. सरासरी साठ लाखांवर लोकांनी ती पाहिली होती, आणि त्याच वर्षी तिच्यानंतर आलेल्या कथांना याहून कमी मिळाले. खरं आहे ते एवढंच, की बीबीसी प्रेक्षकांच्या पसंतीचा जो आकडा काढत असे तो शेवटच्या भागासाठी शंभरात ३० आला. तो या मालिकेच्या इतिहासातला तळ आहे. शेवटच्या भागासाठी, हे मी पुन्हा एकदा म्हणून ठेवतो. त्या शनिवारी जे प्रेक्षक कंटाळले ते नेमक्या जागी कंटाळले.

निर्माता इनिस लॉइड आणि कथा-संपादक गेरी डेव्हिस यांना इतिहासाचा असाही उत्साह नव्हता. वर्ष संपता संपता ‘द हायलँडर्स’ आली, आणि त्यानंतर राक्षस किंवा परग्रहवासी नसलेली निखळ ऐतिहासिक कथा थेट १९८२ साली, ‘ब्लॅक ऑर्किड’मध्ये दिसली. या प्रकाराच्या मरणाचं खापर ‘द गनफायटर्स’वर फोडण्याची पद्धत आहे. एका फसलेल्या चौथ्या भागाने एवढं सगळं होत नाही, पण खापर फोडायला गाणारी कथा बरी पडते.

कॉटनने १९८५ मध्ये या कथेची कादंबरी केली. त्यात गोष्ट सांगतो तो मरणाच्या वाटेवरचा डॉक हॉलिडे, आणि ऐकून घेतो नेड बंटलाइन, वाइल्ड वेस्टच्या भडक पुस्तकांचा लेखक. एका थापाड्याने दुसऱ्या थापाड्याला सांगितलेली गोष्ट म्हटल्यावर इतिहासाच्या सगळ्या चुका आपोआप माफ होतात आणि गोळीबारसुद्धा बढाई म्हणून वाचता येतो. टीव्हीवर जे सुटलं ते वीस वर्षांनी त्याला कागदावर सापडलं होतं. ती कादंबरी मालिकेपेक्षा पुष्कळ सरस आहे, आणि मूळ कथेचं नेमकं काय चुकलं यावरची ती सर्वांत चांगली टीकाही आहे.

कोणी नव्याने बघणार असेल तर माझा सल्ला सोपा आहे. पहिले दोन भाग सलग बघा, तिसरा रिंगोसाठी, आणि चौथा चहा करता करता. मात्र शेवटची दोन मिनिटं चुकवू नका. टूमस्टोन मागे टाकून यंत्र दूरच्या भविष्यात उतरतं, डॉक्टर समाधानाने जाहीर करतो की आपण शांततेच्या आणि समृद्धीच्या युगात आलो आहोत, आणि पडद्यावर एक रानटी माणूस त्यांच्या दिशेने येताना दिसतो. चौथ्या भागात निसटून गेलेला विनोद एवढ्याशा जागेत परत येतो. तिथून सुरू होते ती कथा ‘द सॅव्हेजेस’. तिला प्रेक्षक ‘द गनफायटर्स’पेक्षा कमी मिळाले. तिचेही चारही भाग हरवलेत, आणि तिला फारसं कोणी वाईट म्हणत नाही.